तोल साधणारा कारागीर : योसेफ फ्राउनहोफर

इ. स. १८०१ च्या जुलै महिन्याच्या २१ तारखेस बव्हेरियाची राजधानी म्यूनिक येथे आरसे बनविणाऱ्या एका कारागिराचे जुने घर अकस्मात कोसळले. कारागिराची पत्नी त्यात प्राणास मुकली. मात्र काही तासांच्या खटपटीनंतर चौदा वर्षांचा एक उमेदवार मुलगा ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला. त्याचे नाव योसेफ फ्राउनहोफर.

या मुलाचा जन्म ६ मार्च १७८७ रोजी स्ट्राउबिंग गावी, काचकाम करणाऱ्या एका गरीब कुटुंबात झाला. तो आईबापांचे अकरावे अपत्य. वयाच्या अकराव्या वर्षीच तो पोरका झाला. पालकांनी त्याला म्यूनिकला आणून सहा वर्षे विनावेतन उमेदवारीस ठेवले. शिकण्याची त्याला विलक्षण ओढ. परंतु त्याचे वाचन मालकास मुळीच खपत नसे.

अपघातस्थळी बव्हेरियाचा अधिपती मॅक्सिमिलियन स्वतः आला होता. त्याने या अनाथ मुलास अठरा सुवर्णनाणी बक्षीस दिली. ती नाणी चैनीत उडाली असती तर आज त्याचे नावही कोणास ठाऊक नसते. त्याने त्यांतून काच घासण्याचे यंत्र विकत घेतले आणि उमेदवारीचे उरलेले महिने भरपाई देऊन सोडवून घेतले. उट्झश्नायडर या उद्योगपतीने त्याला गणिताची व प्रकाशशास्त्राची पुस्तके पुरविली. पुढे १८०६ साली त्याच्याच कारखान्यात फ्राउनहोफर कामास लागला.

बेनेडिक्टबॉयर्न येथील जुन्या मठातील भट्ट्यांत त्याने निर्दोष काच बनविण्याची कला हस्तगत केली. काचेची पारख करताना १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटात त्याला असंख्य काळ्या रेषा दिसल्या. त्यांपैकी पाचशेहून अधिक रेषा त्याने मोजल्या. त्यांचा अर्थ १८५९ मध्ये किर्खहोफ व बुन्सेन यांनी उलगडला आणि तारे कोणत्या द्रव्यांचे बनले आहेत हे मानवास कळू लागले. तरीही विद्यापीठाचे शिक्षण नाही म्हणून या कारागिरास अकादमीत घेण्यास काही पंडितांनी विरोध केला. त्याने वाद घातला नाही; तो काम करीत राहिला.

त्याच्या कामाचा कळस म्हणजे १८२४ साली डोर्पाट (आजचे एस्टोनियातील टार्टू) येथील वेधशाळेसाठी बनविलेली दुर्बीण. तिच्या भिंगाचा व्यास सुमारे २४ सेंटिमीटर व लांबी चार मीटरहून अधिक होती. एवढी अवजड नळी ताऱ्यामागोमाग फिरवावयाची कशी? फ्राउनहोफरने एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवला. त्याला काटकोनात दुसरा आस जोडून एका टोकास दुर्बीण व दुसऱ्या टोकास प्रतिभार बसविला. तोल इतका नेमका साधला की ती प्रचंड नळी हाताच्या हलक्या स्पर्शाने वळे, आणि वजनावर चालणारे घड्याळयंत्र तिला ताऱ्याबरोबर नेई. हिच्या साहाय्याने स्ट्रूव्हने तीन हजारांवर जोडताऱ्यांची सूची तयार करून १८२७ मध्ये प्रसिद्ध केली.

ती सूची पाहण्यास फ्राउनहोफर उरला नव्हता. ७ जून १८२६ रोजी, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, क्षयाने त्याचा अंत झाला. पुढे १८४६ मध्ये नेपच्यून ग्रह सापडला तो बर्लिनच्या दुर्बिणीतून. तीही त्याच्याच पद्धतीची, त्याच्याच कारखान्यात घडलेली होती.

विद्यार्थी मित्रांनो, त्याने वापरलेले तोलाचे तत्त्व आपल्या परिचयाचे आहे. एका टोकाला पाण्याचे भांडे व दुसऱ्या टोकाला धोंडा बांधलेली विहिरीवरची लाट याच तत्त्वावर चालते. वजन गुणिले आसापासूनचे अंतर हा गुणाकार दोन्ही बाजूंस सारखा झाला की तोल साधतो. चार किलो वजनाच्या नळीचा मध्य आसापासून १५ सेंटिमीटरवर असेल, तर ३० सेंटिमीटरवर दोन किलोचा प्रतिभार पुरतो. बाजूस असलेल्या दांड्याच्या वजनामुळे तो किंचित कमीच लागेल. त्यासाठी महागड्या सामानाची गरज नाही. रिकाम्या डब्यात मधोमध नळीचा तुकडा उभा करून भोवती सिमेंट, वाळू व लोखंडाचे तुकडे भरले की काम होते. मात्र तो दांड्यावर सरकता ठेवावा, खिळीने घट्ट आवळावा आणि तो निसटून पायावर पडू नये म्हणून दांड्याच्या टोकास अडसर बसवावा. डोर्पाटला मुख्य आस क्षितिजाशी सुमारे ५८ अंशांनी कललेला होता. आपल्या गोव्यात तो साडेपंधरा अंशांनी कलता ठेवावा लागेल. स्थळ बदलले की हा कोन बदलतो. तोलाचा नियम मात्र बदलत नाही.

अठरा नाण्यांतून त्या पोरक्या मुलाने प्रथम एक यंत्र आणि थोडे स्वातंत्र्य विकत घेतले. आपल्या हाती येणाऱ्या चार पैशांतून आपण काय घेतो, हे ज्याचे त्याने पाहावे.