खरा अँथनी गोन्साल्विस

आमच्या गिरीजला, एकूणच वसईत, गोन्साल्विस आडनावाला तोटा नाही. त्यामुळे हॉस्टेलला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी 'अँथनी' झालो. कारण अर्थातच १९७७ चा 'अमर अकबर अँथनी' आणि अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ! पण मित्रांनो, या नावाचा एक खराखुरा माणूस होऊन गेला, हे कितीजणांना ठाऊक आहे?

१९२७ साली गोव्यातल्या माजोर्डा गावी त्यांचा जन्म. वडील चर्चच्या गायनवृंदाचे मास्तर, त्यामुळे नोटेशन घरातच. १९४३ मध्ये, जेमतेम सोळाव्या वर्षी, ते मुंबईला आले आणि नौशादांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे अरेंजर झाले.

अरेंजर म्हणजे काय? आपल्या भाषेत सांगतो. संगीतकार पेटीवर चाल ऐकवतो, ती झाली कल्पना. कोणत्या वादकाने कधी, कोणता सूर, किती मात्रा वाजवायचा, हे प्रत्येकाच्या कागदावर उतरवणं म्हणजे वर्किंग ड्रॉइंग. त्याशिवाय इमारत उभी राहत नाही. पण पडद्यावर अरेंजरचं नाव क्वचितच यायचं.

अँथनींना मात्र आणखी एक गणित सोडवायचं होतं. आपला राग एका ओळीत चालतो, पाश्चात्त्य संगीतात अनेक सूर एकाच वेळी वाजतात. रागाचा चेहरा न बिघडवता दोन्ही जुळवायचं कसं? त्यासाठी त्यांनी स्वतःच्या रचना केल्या आणि १९५८ मध्ये 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. शंभरावर वादक, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे! हे काम स्टुडिओतल्या रोजच्या धबडग्यात बसणारं नव्हतं. १९६५ मध्ये ते सिनेमा सोडून अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर माजोर्ड्यातच शांतपणे राहिले. १८ जानेवारी २०१२ रोजी ते गेले.

आणि ते गाणं? संगीतकार जोडीतले प्यारेलाल हे अँथनींकडेच व्हायोलिन शिकलेले. गुरूचं जे नाव टायटल्समध्ये आलं नाही, ते शिष्याने थेट गाण्यातच घातलं आणि देशभर दुमदुमवलं. याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती?

तेव्हा यंदा प्रोजेक्ट रिपोर्टचं आभाराचं पान लिहाल, तेव्हा गाईडच्या नावाखाली वर्कशॉपमधल्या मामांचंही नाव टाका. जॉब त्यांनीच तर जुळवून दिलेला असतो!