टॅफ्ट यांचे वजन

निवडणूक जवळ आली की उमेदवाराच्या जाहीरनाम्यापेक्षा त्याच्या पोटाची चर्चा जास्त होते. एवढा लठ्ठ माणूस राज्य काय चालवणार, असे हसत हसत विचारले जाते. याचे उत्तर शोधायचे तर अमेरिकेचे 27 वे राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टॅफ्ट यांचे आयुष्य पाहिले पाहिजे.

टॅफ्ट यांचा जन्म 1857 साली ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे झाला. वकील, न्यायाधीश, फिलिपिन्सचे गव्हर्नर, युद्धमंत्री अशी पदे मिळत गेली तसे वजनही वाढत गेले. 1905 साली ते सुमारे 142 किलो होते. लंडनच्या एका डॉक्टरकडून पत्राने पथ्य मागवून त्यांनी पंचवीसेक किलो उतरवले. ते पुन्हा अंगावर आले. 1908 च्या निवडणुकीत व्यंगचित्रकारांची चंगळ झाली, तरी लोकांनी त्यांना निवडून दिले. पुढे वजन दीडशे किलोच्या वर गेले. ते बाथटबमध्ये अडकल्याची गोष्ट आजही सांगतात. तिला पुरावा नाही. बैठकीत त्यांना डुलकी लागे, हे मात्र खरे. झोपेत श्वास अडखळण्याच्या आजारामुळे तसे होत असावे, असे आजचे डॉक्टर म्हणतात. देशाचा प्रमुख बैठकीत झोपत असेल तर त्याचा जाब विचारण्याचा मतदाराला अधिकार आहे. पोटाचा घेर मोजण्याचा नाही. याच लठ्ठ माणसाने मक्तेदार कंपन्यांवर चार वर्षांत जितके खटले भरले, तितके व्यायामपटू थिओडोर रूझवेल्ट यांनी साडेसात वर्षांत भरले नव्हते.

मग टॅफ्ट यांच्यात तपासण्यासारखे काय होते? 4 मार्च 1909 रोजी, शपथविधीच्या भाषणातच, त्यांनी सांगून टाकले की जिथे गोऱ्यांचा तीव्र विरोध असेल तिथे काळ्या माणसांना सरकारी पदांवर नेमण्यात फायदा नाही. त्यानंतर दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या अधिकाऱ्यांच्या जागा गेल्या. लिंकनचा पक्ष म्हणून काळा समाज ज्या रिपब्लिकन पक्षाच्या मागे दोन पिढ्या उभा राहिला, त्याच पक्षाचा हा अध्यक्ष! व्यंगचित्रे मात्र पोटाचीच निघत राहिली.

1912 साली पक्ष फुटला आणि टॅफ्ट हरले. निर्वाचक मते मिळाली अवघी 8. सत्ता सुटल्यावर त्यांनी पथ्य पाळले, नियमाने चालू लागले, बरेच हलके झाले. 1921 साली ते सरन्यायाधीश झाले. अध्यक्ष आणि सरन्यायाधीश अशी दोन्ही पदे भूषवणारा दुसरा माणूस अमेरिकेत झालेला नाही. 1927 साली मिसिसिपीतील एका चिनी मुलीला गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश नाकारणे कायदेशीर आहे, असा एकमताचा निकाल न्यायालयाने दिला. तो टॅफ्ट यांनी स्वतः लिहिला होता. 8 मार्च 1930 रोजी ते वारले. शाळांमधली ही भिंत पडायला 1954 चा ब्राऊन खटला यावा लागला.