गाठीचा रोग आणि हाफकिन साहेब



परळला टाटा किंवा के. ई. एम. इस्पितळात आपल्यापैकी अनेकांना कधी ना कधी जावे लागते. तिथून हाकेच्या अंतरावर हाफकिन इन्स्टिट्यूटचे आवार आहे. हे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते. पोलिओचे थेंब, सर्पदंशावरचे औषध असे काहीबाही त्याच्याशी जोडलेलेही आठवते. पण हे हाफकिन कोण, कुठले, आणि मुंबईशी त्यांचा संबंध काय, हे विचारले तर बहुतेक जण गप्प होतात. म्हणून या रविवारी आम्ही त्यांचे चरित्र थोडक्यात सांगणार आहोत. आपले शरीर रोगजंतूंशी कसे लढते आणि ही लढाई त्याला आधीच कशी शिकवता येते, हेही त्या चरित्रातून आपोआप समजते.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. तिथल्याच विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. एली मेचनिकॉव्ह हे त्यांचे प्राध्यापक. पुढे हे गुरुजी जगप्रसिद्ध झाले. १८८२ मध्ये सिसिली बेटावर मेसिना येथे असताना मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात बारीक काटा टोचून पाहिला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून बघतात तो त्या काट्याभोवती लहान लहान पेशींचा घोळका जमलेला! आपल्या पायात काटा रुतला की जागा लाल होते, सुजते, पू होतो, त्याचे मर्म त्यांना इथे सापडले. शरीरात फिरत्या पहारेकरी पेशी असतात आणि त्या घुसखोराला गिळून टाकतात. या शोधासाठी १९०८ मध्ये त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

शिष्याचे दिवस मात्र खडतर होते. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी तरुण हाफकिन पुढे झाले, जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. सुटकेसाठी मेचनिकॉव्ह यांनी खटपट केली. शिक्षण संपल्यावर विद्यापीठात चांगली जागा मिळण्याची शक्यता होती, पण त्यासाठी धर्म बदलून रशियन ऑर्थोडॉक्स व्हायला हवे होते. हाफकिन यांनी नकार दिला. नोकरीच्या आमिषाने घेतलेली श्रद्धा ही श्रद्धा नव्हे, हे कोणत्याही धर्माच्या माणसाला पटावे. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. काही काळ जिनिव्हात शिकवले आणि १८८९ मध्ये ते पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले. गुरुजी आधीच तिथे पोहोचले होते. शिष्याला जागा मिळाली ती ग्रंथपालाची. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे, असा क्रम सुरू झाला.

इथे थोडे थांबून शरीराचे संरक्षण कसे चालते ते पाहू. पहिला कोट कातडीचा. नाकातोंडातला शेंबूड आणि लाळ, पोटातले आम्ल हेही त्याच कोटाचे बुरूज. जखमेतून किंवा श्वासातून जंतू आत शिरलाच तर मेचनिकॉव्ह यांनी पाहिलेल्या त्या भक्षक पेशी धावून येतात. ताप येतो, तोही बहुधा या लढाईचाच भाग असतो. हे पहारेकरी कोणत्याही घुसखोरावर तुटून पडतात. त्यांच्यामागे दुसरी फळी असते. ती सावकाश जागी होते, पण शत्रूचा चेहरामोहरा नीट पारखते. तिच्यातल्या काही पेशी त्या एकाच जंतूला चिकटतील अशी प्रतिद्रव्ये तयार करून रक्तात सोडतात. काही पेशी आपल्याच शरीरातल्या, पण विषाणूने बळकावलेल्या पेशी शोधून नष्ट करतात. पहिल्या भेटीत या तयारीला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत जंतू जिंकला, तर माणूस दगावतो. माणूस वाचला, तर काही पेशी त्या शत्रूची आठवण घेऊन वर्षानुवर्षे शरीरात राहतात. तोच शत्रू पुन्हा आला की अवघ्या काही दिवसांत सैन्य उभे राहते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘मी’ म्हणजे नेमके कोण, या प्रश्नावर आम्ही तासन्तास डोके शिणवले आहे. आपल्या रक्तातल्या पेशी हाच प्रश्न क्षणोक्षणी सोडवत असतात. हा आपला, हा परका, असा निवाडा त्यांना सतत करावा लागतो. निवाडा चुकला की त्या आपल्याच सांध्यांवर हल्ला करतात आणि संधिवाताचे काही प्रकार त्यातूनच होतात.

लस म्हणजे या दुसऱ्या फळीला दिलेले आगाऊ शिक्षण. जंतू मारून किंवा दुबळा करून टोचायचा, म्हणजे सहसा रोग न होता ओळख पटते. लस स्वतः लढत नाही, लढते ते आपलेच शरीर. हाफकिन यांनी पॅरिसमध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती पहिल्यांदा टोचली स्वतःलाच. ताप आला, अंग दुखले आणि उतरले. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांनी हाफकिन यांना पटकीच्या माहेरघरी, बंगालमध्ये, जाण्याचे सुचवले.

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला पोहोचले. परका माणूस, हातात सुई आणि आत काय आहे ते कोणाला ठाऊक नाही! लोक बिचकत. पण १८९४ च्या वसंतात कलकत्त्याच्या काटाल बागान वस्तीत सुमारे २०० पैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत पटकीचे १० रुग्ण झाले आणि त्यातले ७ दगावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. हिंदुस्थानभर फिरून त्यांनी हजारो लोकांना टोचले. मलेरियाने ग्रासले तेव्हा काही काळ युरोपला गेले आणि बरे होऊन पुन्हा आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात विचित्र तापाने माणसे मरू लागली. हा गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आहे, असे निदान केले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्यातील हडफडे गावचे, आपल्याच कॅथलिक समाजातले. धोबीतलावला त्यांचा पुतळा आहे. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. त्या गाठी म्हणजे शरीराच्या सैनिकांच्या छावण्या. उंदरावरची पिसू चावून प्लेगचे जंतू आत शिरले की जवळच्या छावणीत, जांघेत किंवा काखेत, तुंबळ लढाई होते आणि ती गाठ भयंकर सुजते. छावणी पडली की जंतू रक्तात पसरतात.

त्या साथीने लाखो लोक मुंबई सोडून गेले. घरांच्या झडत्या आणि रोग्यांना बळाने उचलून नेणे यामुळे सरकारविषयी संताप पसरला. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईच्या ईस्ट इंडियन गावठाणांत आजही जे जुने क्रूस दिसतात, त्यांतले कित्येक याच साथीच्या काळात लोकांनी उभारलेले आहेत. वांद्र्याला गेलात तर जरूर पाहा.

सरकारने ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन यांना मुंबईस बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्यावर जगातली पहिली प्लेगची लस तयार झाली! त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. मांसाच्या सारावर ते तुपाचे थेंब सोडत. तरंगणाऱ्या तुपाला धरून प्लेगचे जंतू झुंबरासारखे खाली वाढत. पुढे ते जंतू उष्णतेने मारायचे आणि तो द्रव कुप्यांत भरायचा. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला १० घनसेंटीमीटर लस टोचून घेतली. पुढे लोकांना दिली त्यापेक्षा ही मात्रा कितीतरी मोठी होती. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ज्या कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली त्यांच्यात लागण आणि मृत्यू स्पष्टपणे कमी झाले.

तरुण आगाखान यांनी त्यांना काम करायला आपली एक वास्तू दिली आणि लोकांसमोर स्वतः लस घेतली. मग हजारो खोजा बांधव पुढे आले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. पोर्तुगीज अमलात ती जागा कॅथलिक धर्मगुरूंची होती, हेही या निमित्ताने लक्षात असावे.

आणि मग घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते मेले. हे एकोणीसही जण एकाच कुपीतून टोचलेले होते. चौकशी झाली आणि ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. जंतू मारताना कार्बोलिक आम्ल आधीसारखे वापरले नाही, उष्णतेवर विसंबले, असा आक्षेप होता. हाफकिन यांना परळच्या कामावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले. ज्या माणसाने प्रत्येक लस आधी स्वतःला टोचून घेतली, तो आता एकोणीस मृत्यूंचा धनी ठरला.

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. त्यांचे विष इतके जालीम की प्राणघातक मात्रासुद्धा शरीराला शिकवण द्यायला अपुरी पडते. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्यालाही पुढे संरक्षण मिळत नाही. प्लेगच्या लसीने दिलेली आठवण प्लेगपुरतीच असते, ती इथे कामी येणे शक्यच नव्हते.

मग ते जंतू आले कुठून? नोंदींत असे होते की त्या दिवशी गावात मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच त्याने त्या कुपीचे बूच काढले गेले. कुपी तर कित्येक आठवडे आधी भरलेली होती. जंतू तेव्हापासून आत वाढत असते तर उघडताच दुर्गंधी आली असती. ती उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. हे सर्व कागदावर असूनही न्याय मिळायला वर्षे गेली. मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस यांनी बाजू उचलून धरली. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये त्यांनी आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी हाफकिन यांच्यावरील आरोप खोटा ठरल्याचे जाहीरपणे लिहिले. त्याच वर्षी सरकारने त्यांना पुन्हा कामावर घेतले.

ते कलकत्त्याला परतले खरे, पण पूर्वीसारखे मोठे काम त्यांच्या हाती दिले गेले नाही. पहिले महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास ते निवृत्त झाले. लग्न केले नव्हते. उरलेले आयुष्य फ्रान्समध्ये आणि मग स्वित्झर्लंडमध्ये प्रार्थनेत व धर्मपालनात घालवले. साठवलेला पैसा पूर्व युरोपातील ज्यू मुलांच्या धर्मशिक्षणासाठी ठेवला. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांनी देह ठेवला. त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले होते.

आज प्लेगवर प्रतिजैविक औषधे आहेत आणि हाफकिन यांची ती लस आता वापरात नाही. पण करोनाच्या साथीत, २०२१ मध्ये, आपण ज्या रांगांत उभे राहिलो त्या रांगेची सुरुवात काटाल बागान आणि भायखळ्यापर्यंत मागे जाते. तेव्हाही प्रश्न विश्वासाचा होता, आजही तोच आहे. पडलेला एक चिमटा एकोणीस घरे उद्ध्वस्त करून गेला आणि त्याच्या मालकाचा शोध न घेता बोट दाखवले गेले ते दूर परळला बसलेल्या माणसाकडे. निवाडा चुकलेल्या पेशी आपल्याच सांध्यांवर उठतात, तसे समाजही आपल्याच रक्षणकर्त्यावर उठतात.

म्हणून दोन विनंत्या. घरातल्या लहानग्यांची लसीकरणाची कार्डे या आठवड्यात काढून पाहा. शेतात, होडीवर, बांधकामावर राबणाऱ्यांनी धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली, तेही डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि गावात कोणाविषयी ठपक्याची गोष्ट कानावर आली, तर ती पुढे सांगण्यापूर्वी बूच कोणी आणि कशाने काढले, एवढे विचारून पाहा.