कवीश्वराचार्य श्रीभास्करभट्ट बोरीकर : प्रवृत्तीकडून निवृत्तीकडे

अनादि अविद्येने आच्छादिलेला जीव देवधर्माकडे वळतो, तो एकाच कारणाने वळत नाही. कोणी दुःखाने पोळून वळतो, कोणी मरणाच्या भयाने, तर कोणी कुळात चालत आले म्हणून. काही थोडे विचाराने वळतात. अशा विचारवंतांपुढे मात्र एक अवघड प्रश्न उभा राहतो. जो धर्म बुद्धीला पटला, त्या धर्माच्या हाती आपली आवड, आपला स्वभाव आणि आपल्या अंगचा श्रेष्ठ गुण सोपविण्याची तयारी आहे काय? ईश्वरावर विश्वास ठेवण्याची कारणे मुखाने सांगता येतात. ती कारणे खरी होती की नाही, हे पुढील आयुष्यातच दिसते. कवीश्वराचार्य श्रीभास्करभट्ट बोरीकर यांचे चरित्र या दृष्टीने साधकाने अवश्य अभ्यासावे असे आहे.

बोरी आणि तत्कालीन धर्मजीवन

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यात बोरी हे गाव आहे. याच गावावरून भास्करभट्टांस बोरीकर हे नाव मिळाले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा सर्व प्रदेश देवगिरीच्या यादवांच्या सत्तेखाली होता. इ. स. १२७१ ते १३११ या काळात रामदेवराव यादव राज्य करीत होते. भास्करभट्ट संस्कृत काव्य व शास्त्र यांत निष्णात होते. त्यांच्या व्युत्पत्तीची साक्ष त्यांच्या ग्रंथांतील प्रत्येक वर्णन देते.

अशा पंडितास त्या काळी धर्माची उणीव भासण्याचे बाह्यतः काही कारण नव्हते. दक्षिणेस काही कोसांवरून गोदावरी वाहत होती, आणि तिच्या तीरावर तीर्थांची व क्षेत्रांची मालिका होती. पूर्वेस औंढ्याचे नागनाथ हे शैवांचे थोर स्थान होते. जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जैनांची लेणी आहेत. चारठाणा येथील जुनी मंदिरे त्या काळच्या शिल्पवैभवाची आजही साक्ष देतात. यादवांचे करणाधिप हेमाद्री पंडित यांनी चतुर्वर्गचिंतामणी या ग्रंथात शेकडो व्रते, दाने व विधी संकलित करून ठेविले होते. वर्षातील क्वचितच एखादी तिथी व्रतावाचून उरली असेल. म्हणजे धर्म दुर्मिळ होता असे नाही, तो विपुल होता. अशा विपुलतेतच विचारवंताच्या मनात प्रश्न उपजतो. एवढ्या देवता, एवढी व्रते आणि एवढी फळे यांतून जीवाचे बंधन तोडणारा कोण?

परमार्गाचा स्वीकार

या प्रश्नाचे उत्तर सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभूंनी अत्यंत स्पष्ट शब्दांत दिलेले होते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र व नित्य होत. देवता आपापल्या अधिकाराप्रमाणे फळे देतात. परंतु ती फळे भोगून संपतात आणि जीव पुन्हा बंधनातच राहतो. मोक्ष देणारा एक परमेश्वरच. तो जीवाच्या कळवळ्याने मनुष्यवेष धारण करून अवतरतो, म्हणून जीवास त्याचे ज्ञान व संनिधान घडू शकते. शास्त्रांचा अभ्यास केलेल्या मनास या निरूपणातील भेद-विवेक ओळखण्यास वेळ लागत नाही. कोणत्याही देवतेस नाकारण्यावाचून तिची मर्यादा दाखविणारे, आणि साध्य एकच ठेवणारे हे तत्त्वज्ञान आहे.

परंतु केवळ तत्त्व पटल्याने अनुसरण घडत नाही. येथे भास्करभट्टांची अवस्था त्यांच्या पूर्वीच्या पंडितांहून निराळी होती. सराळे येथील म्हाइंभट्ट विद्येच्या अभिमानाने वाद करण्यास डोमेग्रामी श्रीचक्रधरप्रभूंपुढे आले आणि प्रत्यक्ष प्रभूंच्या वचनांनीच त्यांचा अभिमान गळाला. भास्करभट्टांस असा योग लाभला नाही. त्यांच्या वेळी सर्वज्ञांनी उत्तरापंथे बिजे केलेले होते. पंथाची धुरा श्रीनागदेवाचार्य, म्हणजेच भटोबास, वाहत होते. भास्करभट्टांनी परमेश्वरास पाहिले नव्हते. ज्यांनी पाहिले होते, त्यांना मात्र पाहिले. त्यांची श्रद्धा साक्षीवर उभी राहिली.

ही साक्ष सामान्य नव्हती. म्हाइंभट्टांनी लीळाचरित्र सिद्ध करिताना प्रत्येक लीळा ज्याने पाहिली किंवा ऐकिली त्याच्याकडे जाऊन विचारून घेतली होती. पाठभेद आढळला तर तोही लपविला नाही. ज्या पंथाने आपल्या ईश्वराच्या चरित्राविषयी एवढी दक्षता बाळगली, त्याच्या साक्षीस पंडिताच्या बुद्धीनेही मान द्यावा हे स्वाभाविक होय. त्याहून मोठी साक्ष आचार्यांच्या आचरणाची होती. अटन, विजन, भिक्षा, भोजन, निद्रा असा नेमलेला दिनक्रम, अहिंसा, संग्रहाचा त्याग आणि परमेश्वराचे अखंड स्मरण ही त्या मंडळींची जगण्याची रीती होती. जे ते सांगत होते, तेच ते जगत होते.

आणखी एक गोष्ट संस्कृतज्ञ पंडिताची परीक्षा पाहणारी होती. या पंथाचे सर्व निरूपण मराठीत होते. केशिराजबासांसारखे संस्कृतचे जाणते जवळ असताही नागदेवाचार्यांनी धर्मनिरूपणासाठी मराठीचाच आग्रह धरिला. संस्कृतात ग्रंथ झाले तर ज्या स्त्रिया व साध्या जनांसाठी सर्वज्ञांनी हा मार्ग मोकळा केला, त्यांचे नागवण होईल, ही त्यांची भूमिका होती. ज्या भाषेच्या बळावर सभेत मान मिळे, ती भाषा बाजूस ठेवून महदाइसांसारख्या भक्तांच्या पंक्तीस बसणे हा पंडितासाठी पहिला त्याग होता. भास्करभट्टांनी तो केला. ते नागदेवाचार्यांस अनुसरले आणि पंथात कवीश्वर या नावाने ओळखले जाऊ लागले.

शिशुपालवध

संन्यास घेतल्याने कवित्व नाहीसे होत नाही. भास्करभट्टांनी आपली प्रतिभा श्रीकृष्णचक्रवर्तींच्या चरित्राकडे वळविली, आणि त्यातून शिशुपालवध हे १०८७ ओव्यांचे काव्य निर्माण झाले. श्रीमद्भागवताचा दशम स्कंध आणि माघ कवीचे याच नावाचे संस्कृत महाकाव्य यांचा आधार त्यास आहे. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णांस अग्रपूजेचा मान मिळतो, शिशुपाल त्यांची निंदा करितो आणि चक्राने त्याचा वध होतो, एवढेच मूळ कथानक. परंतु कवीची प्रतिभा रमली ती द्वारकेत. श्रीकृष्ण व रुक्मिणी यांचा प्रणय, रुसवा, विरह, ऋतूंची शोभा यांच्या वर्णनास त्यांनी उदार हस्ताने स्थान दिले. मराठी भाषा तेव्हा ग्रंथरचनेत नुकती उभी राहत होती. लीळाचरित्र इ. स. १२७८ च्या सुमाराचे, ज्ञानेश्वरी १२९० ची, नरेंद्र कवीचे रुक्मिणीस्वयंवर १२९२ चे. या कोवळ्या भाषेत महाकाव्याचा एवढा डौल आणणे हे असामान्य कार्य होते.

काव्य पूर्ण झाल्यावर ते एका गुरुबंधूंस दाखविण्यात आले. त्यांनी ग्रंथाची उत्तमता मान्य केली. मात्र हा ग्रंथ निवृत्तांच्या उपयोगाचा झाला नाही, शृंगारात रमणाऱ्या प्रवृत्तांच्या योग्यतेचा झाला, असा अभिप्राय दिला. पंथाच्या परंपरेने हा प्रसंग आवर्जून जपून ठेविला आहे.

या अभिप्रायाचे मर्म नीट ध्यानी घेतले पाहिजे. काव्याचा विषय श्रीकृष्णच होते. लीळा स्मरणाचे साधन आहे. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण हाच तर साधकाचा नित्य व्यवसाय. मग दोष कोठे होता? दोष विषयात नव्हता, तो चित्ताच्या गतीत होता. वाचकाचे मन लीळेवरून परमेश्वराकडे जावयाचे, ते वर्णनाच्या सौंदर्यापाशीच थांबत होते. शृंगार वाचून विकार जागा झाला, तर श्रीकृष्णांचे नाव मुखी असूनही साधक जेथे होता तेथेच राहतो. कवीच्या बाबतीत धोका आणखी सूक्ष्म आहे. आपण ईश्वराची सेवा करीत आहोत असे समजून तो स्वतःच्या कौशल्याची सेवा करू लागतो.

दुसरी निवड

येथे भास्करभट्टांपुढे अनेक मार्ग मोकळे होते. टीकाकारास काव्याची जाण नाही असे म्हणता आले असते. माघादी थोर कवींची उदाहरणे देऊन वाद जिंकता आला असता. जेथे या काव्याची वाहवा झाली असती, अशा रसिकांच्या सभेत ते नेता आले असते. नरेंद्र कवीने आपले रुक्मिणीस्वयंवर रामदेवराव राजाच्या नावे करून देण्याचे नाकारिले, ही कथा प्रसिद्धच आहे. तेथे मोह बाहेरून, राजाकडून आला होता. भास्करभट्टांपुढील मोह आतून आलेला होता, आणि तो स्वतःच्या गुणाचा होता.

त्यांनी वाद केला नाही. त्यांनी दुसरा ग्रंथ लिहिला. श्रीमद्भागवताचा एकादश स्कंध घेऊन ८२७ ओव्यांची उद्धवगीता त्यांनी रचिली. मराठीतील एकादश स्कंधावरील ही पहिली टीका होय. एकनाथांचे भागवत काशी येथे इ. स. १५७३ मध्ये पूर्ण झाले; म्हणजे त्यापूर्वी सुमारे अडीच शतके बोरीच्या या कवीने ती वाट पाडिली.

विषयाची ही निवडही विचारपूर्वक केलेली आहे. दशम स्कंधात द्वारका भरभराटीस आलेली आहे; एकादशात ती मोडण्याच्या वाटेवर आहे. यादवांचा अंत जवळ आला आहे आणि श्रीकृष्णचक्रवर्ती उद्धवास सर्व सोडून बदरिकाश्रमी जाण्याची आज्ञा करीत आहेत. याच स्कंधात अवधूताने यदु राजास सांगितलेले चोवीस गुरू येतात. तो अवधूत म्हणजे श्रीदत्तात्रेयप्रभू, ही पंथाची धारणा आहे. अशा रीतीने पंचकृष्णांपैकी दोन अवतारांचे ज्ञानदान या एका स्कंधात एकत्र येते.

या चोवीस गुरूंत पिंगळा नावाची वेश्या आहे. ती शृंगार करून रात्रभर दारात वाट पाहते. कोणी येत नाही. वाट पाहता पाहता तिला आपल्या आशेचेच रूप दिसते, आणि आशा सुटताच ती सुखाने निजते. शिशुपालवधात रुक्मिणीचा विरह रंगविणाऱ्या कवीस हे प्रकरण किती निकटचे वाटले असेल! वाट पाहणे तेच, रात्र तीच, अलंकारही तेच; परंतु येथे रसाचा प्रवाह शृंगारातून निघून वैराग्यास मिळतो. भास्करभट्टांनी कवित्व सोडिले नाही. त्यांनी त्याचे मुख फिरविले.

आचार्यपद आणि वारसा

नागदेवाचार्यांच्या पश्चात बाइदेवबास आणि त्यांच्यानंतर कवीश्वर पंथाचे आचार्य झाले. तो काळ विपत्तीचा होता. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीनाची देवगिरीवर स्वारी झाली, १३०७ मध्ये मलिक काफूर आला आणि पुढील दशकात यादवांचे राज्य बुडाले. या धामधुमीत पंथाच्या कित्येक पोथ्या नष्ट झाल्या, आणि भक्तांच्या स्मरणाच्या आधाराने त्यांचे पाठ पुन्हा सिद्ध करावे लागले. ज्या पंथाचा वारसा ग्रंथांत व स्मरणात होता, त्याची धुरा अशा वेळी एका ग्रंथकाराने वाहिली. पुढे पंथात जे आम्नाय झाले, त्यांत कवीश्वर आम्नाय त्यांच्याच नावाने चालत आला असून आजही पंथाचा मोठा परिवार त्यात आहे. आधुनिक काळात डॉ. वि. भि. कोलते यांनी १९३५ साली त्यांच्या चरित्रावर व काव्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून अभ्यासकांचे लक्ष त्यांच्याकडे वेधिले.

पंथाने शिशुपालवध टाकून दिला नाही, हीही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. ज्या सात काव्यांस साती ग्रंथ म्हणून मान आहे, त्यांत शिशुपालवध आणि उद्धवगीता हे दोन्ही आहेत. एकाच कवीचे दोन ग्रंथ त्यात असावे, हा मान अन्य कोणास लाभलेला नाही. यावर अशी शंका येते की निवृत्तांस अयोग्य ठरलेला ग्रंथ पंथाने का सांभाळिला? याचे समाधान अधिकारभेदात आहे. घराच्या अंगणात येणारास जे बोलावून आणते, तेच घरात राहणाऱ्याचे अन्न असेल असे नाही. शिशुपालवध रसिकास श्रीकृष्णांच्या दारापर्यंत आणतो; दारातून आत गेल्यावर काय करावे, हे उद्धवगीता सांगते. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेविल्यावाचून कवीने केलेला प्रवासच दिसत नाही.

आजच्या साधकाची स्थिती म्हाइंभट्टांसारखी नाही, ती भास्करभट्टांसारखी आहे. त्यास परमेश्वराचे प्रत्यक्ष संनिधान नाही. साक्ष आहे, ग्रंथ आहेत, गुरुपरंपरा आहे. तत्त्व पटणे ही त्याची पहिली निवड. ती उपदेश घेताना होते आणि सर्वांस दिसते. दुसरी निवड पुढे कधीतरी, बहुधा कोणी आपल्या आवडत्या कृतीतील उणे दाखविते तेव्हा, एकांतात करावी लागते. ती सभेत कोणास दिसत नाही, तिचा उत्सव होत नाही. कवीश्वरांच्या बाबतीत ती दिसते, कारण त्यांनी तिचा ग्रंथ केला. अनुसरण एका दिवसात पुरे होत नाही, हे बोरीच्या या महापंडिताने आपल्या आचरणाने दाखवून ठेविले आहे.

दंडवत प्रणाम.