तबकड्यांचा साशंक तपासनीस

हॅले धूमकेतू १९१० साली पृथ्वीच्या आकाशात आला, त्याच सुमारास, १ मे रोजी शिकागो शहरात जोसेफ ॲलन हायनेक यांचा जन्म झाला. उडत्या तबकड्यांच्या इतिहासाशी नाव कायमचे जोडल्या गेलेल्या या खगोलशास्त्रज्ञाचा मूळ पिंड मात्र साशंक अभ्यासकाचा होता. १९३५ मध्ये शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते ओहायो राज्य विद्यापीठात अध्यापन करू लागले.

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या खासगी वैमानिकाने माउंट रेनियर शिखराजवळ नऊ चकाकत्या वस्तू प्रचंड वेगाने जाताना पाहिल्याचे सांगितले आणि वृत्तपत्रांनी उडत्या तबकड्या हा शब्द रूढ केला. शीतयुद्धाचा तो काळ होता. या वस्तू सोव्हिएत रशियाची नवी विमाने तर नसतील, या चिंतेने लष्करी अधिकाऱ्यांनी अर्नोल्ड यांची जबानी घेतली. पुढे हवाई दलाने ओहायोतील डेटन येथे स्वतंत्र चौकशी सुरू केली. नागरिकांच्या तक्रारींमधून ग्रह, तारे आणि उल्का वेगळ्या काढण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ हवा होता. जवळच राहणाऱ्या हायनेक यांची १९४८ मध्ये सल्लागार म्हणून निवड झाली.

हा सारा प्रकार म्हणजे युद्धोत्तर काळातील एक खूळ असून ते लवकरच ओसरेल, अशी त्यांची प्रारंभीची धारणा होती. बहुतेक प्रकरणांत शुक्राचा ग्रह, हवामानाचे फुगे किंवा विमानेच निघत. मात्र अनुभवी वैमानिक आणि पोलिस यांच्या काही जबान्या कोणत्याच चौकटीत बसत नव्हत्या. दरम्यान स्मिथसोनियन वेधशाळेत कृत्रिम उपग्रहांचा माग काढणाऱ्या यंत्रणेचीही जबाबदारी त्यांच्याकडे आली. या यंत्रणेचे एक केंद्र भारतात नैनिताल येथे होते.

मार्च १९६६ हा त्यांच्या आयुष्यातील कसोटीचा महिना ठरला. मिशिगन राज्यात डेक्स्टर येथील एका कुटुंबाने आणि हिल्सडेल महाविद्यालयाच्या ऐंशीहून अधिक विद्यार्थिनींनी दलदलीवर विचित्र दिवे पाहिले. हवाई दलाने हायनेक यांना धाडले. २५ मार्च रोजी डेट्रॉइट येथील गर्दीच्या पत्रकार परिषदेत त्यांनी कुजणाऱ्या वनस्पतींपासून निघून पेटणारा वायू, ही एक शक्यता मांडली. ती अंतिम निष्कर्ष म्हणून छापली गेली. वृत्तपत्रांनी त्यांची यथेच्छ टर उडवली. आपल्याला खोटे ठरवले, या भावनेने साक्षीदार दुखावले. मिशिगनचे प्रतिनिधी आणि पुढे अध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड यांनी संसदीय चौकशीची मागणी केली.

या मानहानीने हायनेक अंतर्मुख झाले. उत्तर आधी ठरवून पुरावा नंतर तपासणे ही विज्ञानाची रीत नव्हे, हे त्यांना तीव्रतेने जाणवले आणि हवाई दलाच्या कार्यपद्धतीवर ते उघड टीका करू लागले. कोलोरॅडो विद्यापीठाच्या समितीने पुढील अभ्यास निरर्थक ठरवला आणि डिसेंबर १९६९ मध्ये ‘ब्लू बुक’ प्रकल्प बंद झाला. एकूण १२,६१८ नोंदींपैकी ७०१ नोंदींचा उलगडा झालेला नव्हता.

हायनेक यांनी तो विषय सोडला नाही. १९७२ मधील पुस्तकात त्यांनी अशा अनुभवांचे वर्गीकरण मांडले. त्यातील तिसऱ्या प्रकारावरून स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९७७ च्या गाजलेल्या चित्रपटाला नाव मिळाले आणि त्यात ते क्षणभर पडद्यावरही दिसले. १९७३ मध्ये त्यांनी या विषयाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन केले. तथापि, ही परग्रहवासीयांची याने असल्याचे सिद्ध झाले आहे, असे त्यांनी कधीच म्हटले नाही. न उलगडलेल्या नोंदी प्रामाणिकपणे तपासाव्यात आणि त्या सांगणाऱ्याची चेष्टा होऊ नये, एवढाच त्यांचा आग्रह होता.

१९८६ मध्ये हॅले धूमकेतू परतला. त्याच वर्षी २७ एप्रिलला ॲरिझोनात हायनेक यांचे निधन झाले.