सर हेन्री रॉइस

खेडचा किंवा अवसरीचा घाट चढतांना मोटारीचा चालक वारंवार पायानें क्लच दाबून गिअर बदलतो, हें जुन्नर-आंबेगांवकडील विद्यार्थ्यांनीं पाहिलेंच असेल. इंजिनाची शक्ति चाकांकडे केव्हां जाऊं द्यावयाची व केव्हां तोडावयाची, हें या लहानशा भागावर अवलंबून असतें. अशा लहान भागांची चिंता ज्यानें जन्मभर वाहिली, त्या हेन्री रॉइसचें चरित्र सर्वांनीं जाणून घेण्यासारखें आहे.

रॉइसचा जन्म २७ मार्च १८६३ रोजीं इंग्लंडांतील ऑल्वॉल्टन या खेड्यांत एका गिरणीवाल्याच्या घरीं झाला. तो नऊ वर्षांचा असतांना पित्याचें छत्र हरपलें. वर्तमानपत्रें विकून व तारा पोहोंचवून त्यानें दिवस काढले. शाळेचा लाभ त्याला फार थोडा झाला. नात्यांतील एका बाईंच्या साहाय्यानें पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यांत उमेदवारी मिळाली, पण पैसा संपल्यामुळें तीहि अपुरी राहिली. तरी खचून न जातां १८८४ सालीं त्यानें मँचेस्टर येथें एक छोटा कारखाना काढला, आणि विजेच्या घंटा, डायनामो व याऱ्या तयार करून नांव मिळविलें.

पुढें त्यानें डेकोव्हील नांवाची एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली. तिचे दोष त्याला खटकले. तिचा एकेक भाग तपासून त्यानें स्वतःची मोटार रचली, आणि ती १ एप्रिल १९०४ रोजीं रस्त्यावर आणली. त्याच वर्षीं चार्ल्स रोल्स याची गांठ पडली व दोघांच्या नांवाची जगप्रसिद्ध जोडी जमली.

त्या काळीं क्लच शंकूच्या आकाराचा असे. चामडें मढविलेला शंकु स्प्रिंगच्या जोरानें इंजिनाच्या चक्राच्या पोकळींत घट्ट बसे. चामडें कोरडें पडलें कीं एकदम पकडी व गाडीला हिसका बसे; त्यावर तेल उडालें कीं घसरे, मग चालक त्यावर मुलतानी माती भुरभुरवीत. चढावर फार वेळ घसरल्यास तें जळून जाई. हजारों रुपयांच्या गाडीची अब्रू अशी वीतभर चामड्यावर अवलंबून असे! रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट मोटारींतहि आरंभीं असाच क्लच होता. पुढें चामड्याऐवजीं विणलेलें अस्तर आलें. १९२२ च्या ट्वेंटी मोटारींत व १९२५ च्या फँटममध्यें शंकु जाऊन कोरड्या एकेरी चकतीचा क्लच आला. सुधारणा अशी पायरीपायरीनें झाली.

आपल्या कामाची कसोटी घेण्यास रॉइसच्या कंपनीनें कधीं कचरलें नाहीं. १९०७ सालीं सिल्व्हर घोस्ट रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखालीं १५,००० मैल धांवली. नंतर ती उकलून तपासली, तेव्हां झिजलेले भाग बदलण्याचा खर्च अवघा २ पौंड, २ शिलिंग व ७ पेन्स निघाला. डर्बीच्या कारखान्यांत तर गाडीला मुद्दाम हादरे देणारें यंत्रच बसविलें होतें. १९०८ सालीं याच जातीच्या ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ मोटारीनें मुंबई-कोल्हापूर मार्गावर, सह्याद्रीचे घाट चढत-उतरत, ६२० मैलांची शर्यत उत्तम रीतीनें पार पाडली. पुढें ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे गेली. क्लच, ब्रेक व इंजिन यांची खरी परीक्षा घाटाहून दुसरा कोण घेणार?

परंतु यंत्रांची एवढी निगा राखणाऱ्या रॉइसनें स्वतःच्या देहाची निगा राखली नाहीं. कामाच्या नादांत त्याला जेवणाचीहि शुद्ध नसे. १९११ सालीं तो गंभीर आजारी पडला. त्यानंतर कारखान्यापासून दूर, घरींच बसून तो आराखडे तपासूं लागला. विमानांचीं नामांकित इंजिनेंहि याच काळांत तयार झालीं. १९३० सालीं त्याला बॅरोनेट ही पदवी मिळाली, आणि २२ एप्रिल १९३३ रोजीं त्यानें देह ठेविला.

मोटारीचा शोध रॉइसनें लावला नाहीं, क्लचचाहि नाहीं. जें हातीं आलें तें पहिल्यापेक्षां चांगलें करून सोडणें, हेंच त्याचें मोठेपण. विद्यार्थ्यांनीं त्याची ही चिकाटी अवश्य घ्यावी. मात्र शरीराची हेळसांड घेऊं नये.