एडगर कॉड: स्टोअर्ड प्रोसिजरला यादी कशी द्यायची, याचं उत्तर १९७० मध्येच देणारा माणूस

शॉपिंग अ‍ॅपमध्ये तुम्ही कार्टमधल्या पाच वस्तू टिक करून एकदम डिलीट करता. मागे सर्व्हरवर त्या पाच वस्तूंचे आयडी स्टोअर्ड प्रोसिजरला, म्हणजे डेटाबेसमध्येच सेव्ह करून ठेवलेल्या प्रोग्रामला, द्यायचे असतात. बरेच जण काय करतात? '१२,४५,७८' अशी स्वल्पविराम घातलेली स्ट्रिंग पाठवतात आणि आत ती तोडत बसतात. हे जुगाड का नको, ते कॉड यांच्या कामातून कळतं.

कॉड यांचा जन्म १९२३ चा, इंग्लंडमधल्या पोर्टलंड बेटावरचा. ऑक्सफर्डला गणित शिकले, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात पायलट होते, १९४८ मध्ये अमेरिकेत आयबीएममध्ये लागले. मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेला वैतागून काही वर्षं कॅनडात गेले. परतल्यावर, चाळिशी ओलांडून, १९६५ मध्ये पीएचडी केली.

तेव्हा डेटा शोधायचा तर प्रोग्रामरलाच एका नोंदीवरून दुसरीकडे वाट काढत जावं लागे. साठवण्याची रचना बदलली की प्रोग्राम कोलमडायचा. १९७० च्या शोधनिबंधात कॉड यांनी मांडलं: सगळा डेटा टेबलांत ठेवा, एका कप्प्यात एकच किंमत. काय हवं ते तुम्ही सांगा, कसं शोधायचं ते डेटाबेस बघेल.

पण आयबीएमचं जुन्या पद्धतीचं आयएमएस जोरात चालू होतं. स्वतःचाच धंदा कोण मोडणार? कंपनी रेंगाळली आणि १९७९ मध्ये ओरॅकलने बाजी मारली. १९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तरी भांडण संपलं नाही. एसक्यूएलमध्ये एकसारख्या ओळी चालतात, यावर ते टीका करत राहिले. कंपन्या कशालाही 'रिलेशनल' म्हणू लागल्या, तेव्हा १९८५ मध्ये त्यांनी नियमांची यादीच छापली. २००३ मध्ये फ्लोरिडात त्यांचं निधन झालं.

आता आपली स्ट्रिंग बघा. एकाच कप्प्यात पाच किमती कोंबल्या आहेत. त्यात आकडेच आहेत का, हे डेटाबेस तपासत नाही. ती थेट क्वेरीत चिकटवली, तर एसक्यूएल इंजेक्शनला दार उघडं!

एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून टेबलच पॅरामीटर म्हणून देता येतं: आधी टेबल टाइप बनवा, त्यात ओळी भरा, प्रोसिजरमध्ये तो पॅरामीटर 'रीडओन्ली' लिहून घ्या आणि सरळ जॉइन करा. पोस्टग्रेसमध्ये अ‍ॅरे द्या आणि 'अननेस्ट'ने त्याच्या ओळी करा. यादी म्हणजे ओळी, आणि ओळींची जागा टेबलात. कॉड हेच सांगत होते.